पावणेचारशे घमेली

“खांब बारा, आणि माल नेमका! एक घमेलं उरलं तरी सटवाजीची भट्टी बंद, एक घमेलं कमी पडलं तरी बंद! आकडा आधी सांगायचा, इथे, भर दरबारात!”

निंबगडचे चंद्रभानराजे एकदा बोलले की बोलले. समोर सटवाजी चुनेवाला उभा होता. चुना भाजण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, पण आकडा म्हटला की त्याला घाम फुटे. आणि भट्टी बंद झाली तर बापलेकीला निंबगड सोडून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

राजे चिडले होते ते उगाच नाही. त्यांचा लाडोबा नावाचा हत्ती होता. त्याच्या हौदाशी चार खांब रोवायचे होते, तेव्हा कारभारी त्र्यंबकपंतांनी सगळे खड्डे मोजले आणि खड्ड्यात खांबही उभा राहणार आहे, हेच विसरले! चुना, खडी आणि विटांचा चुरा कालवून केलेला माल ढीगभर उरला, अंगणात दगड होऊन बसला आणि त्यावर राजांचा अंगठा ठेचला. पुढे लाडोबाच्या कुंपणाचे बारा खांब आले. या खेपेला पंतांनी खांब वजा केले, तर माल कमी पडला! वरून माती दडपून वेळ मारून नेली. दुसऱ्याच दिवशी लाडोबाने एक खांब उपटला, थेट मुदपाकखान्यात गेला आणि गुळाच्या अकरा ढेपा फस्त करून आला.

“माझा हिशेब चोख होता, सरकार!” पंत म्हणाले, “या सटवाजीचा चुनाच आटतो!”

झाले! आता सगळे खांब उपटून, खड्डे उकरून नव्याने रोवायचे होते, आणि आकडा सांगायचा होता सटवाजीने. खड्डे मुरमात जसे खणता आले तसे खणलेले, कुठे पोट सुटलेले, कुठे कंबर बारीक. खांबही तसेच, बुंध्याला जाड, मध्ये वाकडे. सटवाजी बोटे मोजू लागला आणि दुसऱ्याच बोटावर अडकला.

तेवढ्यात त्याची लेक राही पुढे झाली.

“सरकार, आकडा म्या सांगते. दोन दिस द्या, आन् नदीची कोरडी वाळू द्या.”

“वाळू? लाडोबाचे खांब वाळूत रोवतेस की काय?”

“न्हाई सरकार. वाळूला इचारते. तिला खोटं बोलता येत न्हाई.”

राजांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. वाळू मिळाली.

राहीने पहिल्या खड्ड्यात खांब दोरांनी ताणून उभा केला आणि भोवती घमेल्याने वाळू ओतली. दर घमेल्याला एक चिंचोका ओच्यात टाकला. खड्डा काठोकाठ भरला की तीच वाळू उपसून पुढच्या खड्ड्यात. पंत झाडाआडून मोजत होते. बाराव्या खड्ड्याला बरोबर तीनशे झाली, तशी पंतांना फारच गंमत वाटली. एवढे तर त्यांनाही सुचले असते, असे त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितले.

दरबार भरला. “बोल पोरी, आकडा!”

“पावणेचारशे!”

पंतांनी टुणकन उडीच मारली. “सरकार, मी डोळ्यांनी मोजलीत! तीनशे! पोर बनवतेय तुम्हाला!”

“वाळू आपली आपण बसती, पंत,” राही म्हणाली. “मालाला धुमसानं चोपावं लागतं. पाच घमेली चोपली की चारच घमेल्यांची जागा भरती. मागच्या येळेला तुमचं हेच ऱ्हायलं.”

“हे तुला कोणी शिकवलं?” राजांनी विचारले.

“कुनी न्हाई, सरकार. धा वर्सं धुमस मारतीया. हिशेब खांद्यात मुरलाय.”

पावणेचारशे घमेली माल कालवला गेला. कोणी चोरून भर घालू नये म्हणून राजे स्वतः सकाळपासून ढिगाऱ्याभोवती येरझाऱ्या घालत होते. पंतांनी तर ढिगाऱ्यातच ठाण मांडले होते. अकरा खांब भरले, चोपले. बारावा भरत आला. तीनशे चौऱ्याहत्तर, तीनशे पंच्याहत्तर! माल संपला, आणि खड्डा चार बोटे रिकामा!

सटवाजी धावत जाऊन खड्ड्यात डोकावला.

“कमी पडला!” पंतांना आनंद मावेना. “भट्टी बंद, सरकार!”

राजांच्या भुवया चढल्या. “राही, काय म्हणणं आहे तुझं?”

“म्या पावणेचारशे मागितली, सरकार. ती समदी खड्ड्यात कुठं पोचली?” राहीने एक घमेले उपडे केले. तळाला बोटभर थर चिकटलेला! तिने सगळी घमेली खरवडली, फावडी खरवडली, धुमसही खरवडला. दोन बोटे भरली.

“आता जोडे द्या, पंत.”

“माझे जोडे?”

“ढिगाऱ्यात उभं ऱ्हाऊन मोजत हुता न्हवं?”

पंतांचे जोडे खरवडले. आणखी एक बोट भरले. एक बोट अजून बाकी! राहीने इकडेतिकडे पाहिले आणि तिची नजर खाली एका जागी जाऊन थांबली. ती बोलेना.

“अगं, बोल ना!” राजे म्हणाले.

“जीभ रेटत न्हाई, सरकार. पर माल कमी न्हाई. थोडा वाड्याकडं निघालाय.”

सगळे राजांच्या पायांकडे बघू लागले. राजांनीही पाहिले. जरीचे जोडे घोट्यापर्यंत मालाने माखले होते!

मग राजे असे हसले, असे हसले की लांब बांधलेल्या लाडोबाने सोंड वर केली. हसत हसतच त्यांनी खांबाला धरून एका पायावर तोल सांभाळला आणि आपले जोडे आपल्या हाताने खरवडले. राहीने वरून धुमस मारला. खड्डा काठोकाठ! पंतांनी वाकून बोट फिरवून पाहिले, पण उरले नव्हते आणि कमीही नव्हते.

“भट्टी सटवाजीचीच!” राजे म्हणाले. “राज्यात जिथे जिथे खांब उभा राहील, तिथे आकडा राही सांगेल. आणि चुना दळायच्या घाणीला माझ्या गोठ्यातली खिल्लारी बैलजोडी! आणखी काय हवं, बोल!”

“लाडोबाला म्हैनाभर हिकडं फिरकू देऊ नका, सरकार,” राही म्हणाली. “त्याचं पाय खरवडायचं झालं, तर उचलून कोन धरंल?”

हातातला जोडा तसाच धरून राजे पुन्हा हसत सुटले.