माणसाएवढी बाटली

बाबुलीने काजूच्या दारूने माणसाएवढी बाटली भरली. अख्ख्या मुलखात एवढी बाटली कुणी पाहिली नव्हती. बघायला गाव लोटला, मागोमाग घोड्यावरून अबकारी फौजदारही आला.

"परवाना एका बाटलीचा, आणि ही तर शंभर बाटल्यांची दारू! भट्टी फोडतो तुझी."

भट्टी गेली तर बाबुलीची पोरं खाणार काय?

मग मोठ्या बाटलीवरच हात ठेवून फौजदार म्हणाला, "बरं, ही एक बाटली भेट दे. सोडतो."

दारातून बाबुलीची बायको सगुणा म्हणाली, "गावकऱ्यांनो, ऐकलंत ना? साहेबच म्हणाले, ही एक बाटली. मग परवाना मोडला कुठे? आणि शंभर असतील, तर साहेब, त्यातली तुमची एक साधी बाटली भरून देते."

फौजदाराने चटका बसल्यासारखा हात काढला. त्याचा घोडा वेशीबाहेर गेला, तेव्हा कुठे बाबुलीने भट्टीत लाकूड सारलं.