पंगतीच्या टोकाचं पान

"...पण वीज पोचवणं कुणालाच परवडलं नाही तर?" मठाच्या बाबांनी पुन्हा विचारलं.

"असं होत नाही बाबा," श्रीरंग उकिडवे म्हणाला. "धंदा मोकळा सोडला की कुणीतरी येतंच."

श्रीरंग एकेकाळी याच मठात राहून शिकला होता. आता तो विजेचे नियम ठरवणाऱ्या मंडळावर होता, आणि स्वतःच्या हुशारीवर त्याचा फार जीव होता. सोमवारी तो एका आदेशावर सही करणार होता. यापुढे कोणतीही कंपनी कुणालाही वीज विकू शकेल. अमक्या वस्तीला दिलीच पाहिजे, अशी सक्ती कुणावर राहणार नाही. आशीर्वाद घ्यावा म्हणून तो घाट चढून आला होता.

"खाली धनगरवाडा आहे. तारेच्या अगदी शेवटी," बाबा म्हणाले. "त्यांचा पाण्याचा पंप त्याच विजेवर चालतो."

"देईल की कुणीतरी."

"बरं..."

जेवणाची घंटा झाली.

या मठाची एक रीत होती. वाढप सुरू व्हायचं ते पंगतीच्या शेवटच्या पानापासून. बाबा वाढप्यांकडे वळले.

"आज रीत नाही. ज्याला जिथं वाटेल तिथं वाढा."

वाढप्यांना आधी कळेचना. मग चांगलंच कळलं. पंगतीच्या तोंडाशी तालुक्याचे व्यापारी बसले होते, वाढप्यांच्या हातावर काहीबाही ठेवणारे. सगळी पातेली तिकडे धावली. नको नको म्हणणाऱ्यांच्या पानात आग्रहाने जिलब्या पडू लागल्या.

श्रीरंगला जागा मिळाली होती ती टोकाला, धनगरवाड्याच्या ठकूबाईशेजारी. दोघांच्या पानावर नुसतं मीठ होतं. ते आधीच वाढून झालं होतं.

"अहो, इकडे वाढा," श्रीरंगने हाक मारली.

"आलोच साहेब," म्हणत वाढपी गेला तो गेलाच.

ठकूबाई बराच वेळ भाताच्या पातेल्याकडे बघत राहिली. एवढी चढण चढून म्हातारी जेवायला आली होती. मग तिने पान दुमडलं.

"बसा आजी, येईल."

"न्हाई येत, लेकरा. आमचं पान कुनाच्या वाटंवर न्हाई."

बाबांना नमस्कार करून ती उतरणीला लागली. पंगतीतून कुणी वळूनही पाहिलं नाही. श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ताडकन उठून बाबांसमोर गेला.

"मला शिकवायला तिला उपाशी धाडलंत?"

"हो." बाबांचे डोळे भरून आले होते. "ते पाप माझं."

"म्हणजे सही करू नको म्हणता?"

"करशील?"



"करावी लागेल," श्रीरंग म्हणाला. "वरून ठरलंय सगळं. मी नाही केली, तर माझ्या जागी दुसरा करेल."

बाबांनी मान फिरवली. श्रीरंग घाईघाईने म्हणाला,

"पण लोकांचे हाल झाले तर आदेश मागे घेईन, बाबा. तुम्हीही जुनी रीत परत आणालच ना?"

"उद्याच आणीन."

"मग झालं तर."

बाबा उतरणीच्या वाटेकडे बघत होते. वाटेवर आता कुणी दिसत नव्हतं.

"रीत परत आणीन रे... तिला कुठून आणू?"