पूजेतला चष्मा

हत्यारं बोलायची, तेव्हाची गोष्ट. धोंडाप्पा पाथरवटाच्या जाड चष्म्यावर एकदा दगडाची कपची सणकन आदळली. काचेला नुसता ओरखडा पडला, डोळा वाचला. धोंडाप्पा इतका भारावला, की खंडेनवमीला त्याने चष्म्याच्या दोन्ही काचांना हळदकुंकू माखलं. पूजेचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून दुसऱ्या दिवशी चष्मा कपाळावर चढवून तो कामाला बसला.

“अरे शहाण्या, पूस ते आणि मला डोळ्यांवर घे!” चष्मा खेकसला.

“छे! तुझा मान मोडू होय देवा?” म्हणत धोंडाप्पाने हातोडा हाणला. कपची उडाली. डोळा दाबून तो कळवळला, “देवा, मला वाचवलं का नाहीस?”

“वाचवलं की!” चष्मा वैतागून म्हणाला. “कपाळ चाचपून बघ, साधं खरचटलेलंसुद्धा नाही.”