कारवंडीचा अनवाणी सिदाबा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती, ते कारवंडीत कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा विलायतेला माणसं बोटीनं जायची आणि ज्वारी बैलांच्या पायांखाली मळली जायची, एवढ्यावरून काय तो अंदाज बांधावा.

कारवंडी हे माणदेशातल्या माळावरचं गाव. पाऊस तिथे मनात आलं तर यायचा, त्यामुळे दाण्याला मोल मोठं. गावाबाहेर सगळ्यांचं मिळून एक खळं होतं, शेणानं सारवलेलं, भाकरीसारखं गोल. मधोमध बैल फिरवायला रोवलेला खांब, त्याला तिवडा म्हणतात. रास उचलून धान्य घरी गेलं की त्या खळ्यावर क्रिकेट सुरू व्हायचं. तिवडा हाच स्टंप. गोलंदाजानं गोलाच्या कुठल्याही बाजूनं धावत यावं, आधी सांगायची पद्धत नव्हती. बाकी नियम रोज भांडून ठरायचे. एक मात्र ठरलेला होता, आणि तो क्रिकेटचा नव्हता. खळ्यावर पायताण घालून जायचं नाही, तिथे लक्ष्मी उतरते.

या खळ्यावर सिदा वाघमोडे वाढला. बाप मेंढरांमागे रानोमाळ हिंडायचा आणि आई गजराई खळं सारवायची. सिदा तिवड्यापाशी उभा राहिला की गोलंदाज आळीपाळीनं घरी जाऊन जेवून यायचे. धावत येणाऱ्याची पावलं जमिनीतून त्याच्या तळव्यांना कळायची. चेंडू आखूड पडणार की पायाशी, हे तो हातातून सुटायच्या आधीच सिदाला ठाऊक असायचं, असं म्हणतात. डोळे मिटून खेळायचा असंही म्हणतात, पण ते सांगणारे लोक जरा वाढवूनच बोलतात.

एकदा शहरातल्या जिमखान्याच्या एका बड्या माणसाची मोटार कारवंडीच्या ओढ्यात रुतली. बैल जुंपेपर्यंत वेळ काढायचा म्हणून त्यानं खळ्यावर सिदाला चार चेंडू टाकले. मोटार निघाली, पण गडी हटेना. दिवस मावळेस्तोवर तो सिदाला बाद करायला धडपडत राहिला, आणि जाताना सिदालाच मोटारीत घालून घेऊन गेला.

शहरात तेव्हा खेळपट्टीवर चटई अंथरून खेळायचे. तिथे कुणी बूट घालायचं, कुणी नाही, आणि सिदाच्या पायांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. त्यानं धावांच्या राशी घातल्या. पाहता पाहता देशाच्या संघात त्याचं नाव लागलं. विलायतेच्या बोटीवर चढण्याआधी तो घरी आला, तेव्हा गजराई म्हणाली, "लेका, तितली जिमीन बी कुणाचं तरी खळंच आसंल. पाय जपून टाक."

बोटीवर त्याला नवे बूट मिळाले, खाली खिळे असलेले. घालावे लागले. पहिल्या कसोटीत सिदा शून्यावर बाद झाला. दुसऱ्या डावात पुन्हा शून्य. दुसऱ्या कसोटीतही तेच. जाणते सांगतात की तिकडच्या बोचऱ्या हवेत चेंडू वळतो आणि नवख्याला तो कळत नाही. कारवंडीचे लोक सांगतात की पायात पायताण होतं. दोन्ही बाजूंनी शपथेवर सांगणारे आहेत, तेव्हा आपण मध्ये पडू नये.

संघाचे कप्तान राजाध्यक्ष मुंबईचे, माणूस सभ्य. ते म्हणाले, "वाघमोडे, ही शेवटची संधी. पुन्हा भोपळा आणलास तर तुला पहिल्या बोटीनं घरी पाठवायचा हुकूम आहे."

"सायेब, म्या बूट काढून खेळू?"

"अरे, लोक हसतील."

"हसू द्या की. आत्ता तरी कुठं रडत्यात?"

कप्तानांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सिदाला घरी जायची भीती नव्हती. मेंढरं होती, माळ होता, उपाशी कोण मरणार होतं? पण परक्याच्या जमिनीवर आपण खिळे रुतवत चाललो, म्हणून ती आपल्याशी बोलेनाशी झाली, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. अशानं परत गेलो तर आपल्या खळ्यावर कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हा त्याला घोर लागला होता. त्याला मनापासून लाज वाटत होती.

तिसऱ्या कसोटीचा शेवटचा दिवस उजाडला. जिंकायची आशा संपली होती. दिवसभर टिकून राहिलं तर सामना वाचणार, नाहीतर गेला. सिदा पायऱ्या उतरला, सीमारेषेच्या दोरीपाशी थांबला आणि त्यानं बूट काढले. ते नीट जोडीनं ठेवले, वाकून मातीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि अनवाणी निघाला. सगळं मैदान हसलं.

समोर गोलंदाज होता थॉर्नली. कोळशाच्या खाणीतला गडी, तांबड्या केसांचा, बैलासारख्या मानेचा. अनवाणी माणूस दिसल्यावर वेगवान गोलंदाज दुसरीकडे चेंडू कशाला टाकेल? त्यानं सिदाच्या पायाच्या बोटांवर नेम धरला. सुरुवातीचे चेंडू सिदानं अडवले. मग एक सुटला आणि उजव्या अंगठ्यावर बसला. नख उडालं, रक्त आलं. डॉक्टर पट्टी आणि बूट घेऊन धावत आला. सिदानं पट्टी घेतली आणि बूट परत दिले.

"खळ्यावर पायताण न्हाय," तो म्हणाला. डॉक्टरला एक अक्षर कळलं नाही, पण हात कसा हलला ते कळलं.

मग तो जो उभा राहिला, तो उभाच राहिला. पलीकडचे फलंदाज आले आणि गेले. थॉर्नली पॅव्हेलियनकडून धावला, उलट्या टोकानं धावला, दुपारी धावला, चहानंतर धावला. त्याचं प्रत्येक पाऊल सिदाच्या तळव्यांना कळत होतं. परकी जमीन त्याच्याशी बोलू लागली होती. अंगठा वांग्याएवढा सुजला, तरी बॅट खाली येत होती ती वेळेवर. दुपारनंतर मैदानावर कुणी हसेना. जिथे त्याचं रक्त सांडलं तिथे पुढच्या साली ज्वारीचं रोप उगवलं आणि तिकडचे माळी हे कसलं गवत म्हणून डोकं खाजवत बसले, असं म्हणतात.

दिवस संपला, सामना वाचला. पंचांनी बेल्स उचलल्या, खेळाडू निघाले. सिदा मात्र जागचा हलेना. उभं राहता येत होतं, चालता येत नव्हतं.

थॉर्नलीनं मागे वळून पाहिलं. तो दोरीपाशी गेला, सिदाचे बूट उचलून घेऊन आला आणि पुढे धरले. सिदानं पुन्हा मान हलवली. थॉर्नली थोडा वेळ त्या मानेकडे आणि त्या पायाकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःचे बूट काढले, दोन्ही जोड्यांच्या नाड्या बांधून गळ्यात अडकवल्या, सिदाला पाठुंगळी घेतलं आणि अनवाणी चालत दोरीपलीकडे आणलं. तिथे त्याला खाली उतरवलं, सिदाचे बूट नाड्या सैल सोडून त्याच्या पायांपुढे सरळ करून ठेवले आणि तो घालेपर्यंत शेजारी उभा राहिला. दिवसभर ज्याला मोडायला बघितलं, त्याच्यापुढे तो गडी असा वाकला. ते बघताना कप्तान राजाध्यक्षांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर सिदा पुष्कळ वर्षं देशासाठी खेळला, अनवाणीच. शतकं किती केली यावर कारवंडीत अजून वाद होतात. एके दिवशी धावत्या गोलंदाजाची पावलं तळव्यांना कळेनाशी झाली, तेव्हा कुणाला न विचारता तो गावी परतला आणि मेंढरं राखू लागला. लोक त्याला सिदाबा म्हणायचे. विलायतेचं विचारलं की तो फक्त थॉर्नलीचं सांगायचा, स्वतःचं नाही. म्हातारा होऊन तो गेला. जाताना पायात काही नव्हतं.

आता ज्वारी यंत्रावर मळतात, पण सिदाबाच्या नावानं कारवंडीचे लोक ते खळं अजून सारवतात आणि सुगी झाली की तिथे सामना होतो. गोलंदाजाचा चेंडू तिवड्यावर वाजला म्हणून फलंदाज लगेच बाद होत नाही. गोलंदाजानं खळ्याच्या कडेला जायचं, फलंदाजाचं पायताण शोधायचं, त्याच्या पायांपुढे सरळ करून ठेवायचं आणि तो घालेपर्यंत थांबायचं. मगच विकेट धरतात.

एका साली साखर कारखान्याचे चेअरमन पाहुणे म्हणून आले आणि हौसेनं गोलंदाजीला उभे राहिले. त्यांच्या चेंडूवर तिवडा वाजला. फलंदाज होता त्यांचाच सालगडी, धोंडिबा. टाळ्या झाल्या, पण चेअरमन काही जागचे हलेनात.

"राहू द्या मालक, जातो मी," धोंडिबा म्हणाला.

"कुठं जातोस?" कडेची एक म्हातारी ओरडली. "तू नाबाद हाईस. खेळ."

धोंडिबा पुन्हा तिवड्यापाशी उभा राहिला. नाइलाज झाला, की काय झालं कोण जाणे, त्यानं मालकाला असा झोडपला की चेंडू शोधायला माणसं रानात पांगली. चेअरमन घामाघूम झाले, पण चेंडू दुसऱ्याच्या हाती देईनात. उन्हं कलल्यावर एकदाचा तिवडा पुन्हा वाजला. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. सगळे बघत राहिले. चेअरमन कडेला गेले, चपलांच्या ढिगासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "धोंडिबा, तुझ्या कुठल्या रे?"