खंडेरायाचं सोंग

डोंगराकडच्या एका जहागिरीत देखण्या माणसांची चलती होती. चेहरा तरतरीत असला की जहागीरदारांना त्याचं बोलणं खरं वाटे. धावजीचा अर्धा चेहरा अस्वलाने ओरबाडलेला. कारभाऱ्याच्या देखण्या भावाने त्याचं शेत बळकावलं, म्हणून तो दाद मागायला गेला, तर जहागीरदारांनी मान फिरवली.

"याला बाहेर काढा. बघवत नाही."

पुढे बोहाड्याचा उत्सव आला. देवांचे लाकडी मुखवटे चढवून सोंगं नाचू लागली. खंडेरायाचं सोंग समोर येताच जहागीरदार रिवाजाप्रमाणे पाया पडले. त्या तेजस्वी चेहऱ्याकडे पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"देवा, काय आज्ञा?"

"अस्वलाने ओरबाडलेल्या माणसाचं गाऱ्हाणं ऐक."

"देवा, त्याच्या तोंडाकडे बघवत नाही."

सोंगाने मुखवटा उतरवला. आत धावजी होता. खंडेरायाच्या सोंगाचा मान पिढ्यानपिढ्या त्याच्याच घराकडे होता.

"सरकार, हा चेहरा देवाला स्वतःच्या चेहऱ्याला लागलेला चालतो. तुम्हाला दारातसुद्धा चालत नाही?"

जहागीरदारांचे जोडलेले हात तसेच राहिले. मग ते धावजीसमोर जमिनीवर बसले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "सांग."