उंबऱ्यापर्यंतची चटई

पूर्वी वेणुतट नगरात राजा नव्हता, तीन कुळं मिळून राज्य करीत होती, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या सभागृहात चटया अंथरणारा म्हणून जन्मले होते. नाव उत्तिय. काम हलकंच. सभेआधी जमीन झाडायची, प्रत्येक कुळाची चटई त्याच्या जागेवर घालायची, सभा उठली की गुंडाळून ठेवायची. पण उत्तियाला एक खोड होती. डोळ्याला काही वेगळं दिसलं की ते उलटंपालटं करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

तीन कुळांपैकी सिंहकुळ आणि हस्तिकुळ मोठी, जवळजवळ तुल्यबळ. तिसरं नावाड्यांचं, सात घरांचं. सात घरं जिकडे, तिकडे राज्य. त्या वेळी ती सिंहकुळाबरोबर होती आणि सिंहकुळाचा महाली सभेचा मुख्य होता.

सभेची एक रीत होती. ज्या कुळाला साथ सोडायची, त्यानं आपली चटई गुंडाळून उंबऱ्याबाहेर न्यायची. चटई आत आहे तोवर काही मोडलं नाही. तिनं उंबरा ओलांडला की राज्य मोडलं, आणि पुढचे सहा महिने सभा नाही.

नावाड्यांच्या चुंदानं या रीतीतलं मर्म बरोबर ओळखलं. काही हवं झालं की तो उठे, चटई गुंडाळी आणि काखेत मारून सावकाश दाराकडे चालू लागे. अगदी सावकाश. मागून महाली येईच. "अहो चुंद, थांबा, बोलू ना आपण." मग उंबऱ्यापाशी बोलणं होई आणि चटई परत येई. असं करता करता चुंदाला पांढरी छत्री मिळाली, पहिल्या रांगेतली जागा मिळाली, पुढे शंख वाजवणारा माणूसही मिळाला.

एके दिवशी चटया झटकताना उत्तिय थबकला. नावाड्यांची चटई कडेला पार उसवलेली होती, आणि मधे लव्हाळा अजून हिरवा होता. माणसं बसतात ती जागा झिजायला हवी. ही कडेलाच का झिजली? त्यानं चटई उन्हात धरली. मग दिसलं की ती एका हातची नाही. सात पट्ट्या, सात तऱ्हांची वीण. हे हात कुणाचे, याचं त्याला नवल वाटलं, आणि तो सकाळीच नदीवर गेला.

घाटावर चुंदाची थोरली बहीण रोहिणी नावेच्या दोराला लुगड्याच्या चिंध्या गुंडाळत बसली होती. या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला तो दोर. तो धरूनच नाव पलीकडे जाई.

"बाई, सभेतली चटई तुम्ही विणलीत?"

"सात घरच्या बायकांनी. तिसरी पट्टी माझी. घट्ट विणीची, तीच. का, फाटली?"

"कडेला फाटलीय. मधे कोरी आहे."

रोहिणी हसली. "चुंदा बूड टेकेल तर झिजेल ना ती."

"आणि हा दोर?"

तिचं हसू गेलं. "याच्यासाठीच तर त्याला सभेत धाडला. दोराला लागणाऱ्या अंबाडीचं कोठार सभेच्या हाती, सभेनं हो म्हटल्याशिवाय जुडी मिळत नाही. गेल्या पुरात दोर तुटला. माझा नवरा गेला, नावेत आणखी चौघं होती. त्यानंतर छत्री आली, शंख आला. नवा दोर यायचाय अजून. आता महिन्याभरात पाणी चढेल."

सभेच्या आदल्या दिवशी चुंद उत्तियाकडे आला. "आमची चटई जरा दाराजवळ घालत जा. चालून पाय दुखतात. तुलाही चांगलं घर मिळेल असं बघतो."

तो गेला तसा महाली आला. "उत्तिया, त्यांच्या चटईला दोन टाके घाल जमिनीशी. कुणाला कळायचं नाही. जन्मभराचं धान्य तुझ्या घरी पोचेल."

उत्तिय दोघांनाही एकच बोलला. "चटई तुमची नाही, माझीही नाही. मी ती तिच्या जागेवरच घालणार."

मग तो परत घाटावर गेला आणि रोहिणीला म्हणाला, "बाई, सभेची आणखी एक रीत आहे. कुणी विचारत नाही म्हणून विसरलीय. ज्यानं पट्टी विणली, त्याला त्या चटईवर बसायचा हक्क आहे. आणि बसलेल्याला कुणी उठवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. पहिलाच विषय दोराचा. महाली बोलू लागला तोच चुंद उठला.

"दोराचं नंतर बघू. नावाडी कुळाचा मान म्हणून मला हत्ती हवा. नाहीतर आम्ही निघालो."

तो वाकला आणि चटई गुंडाळू लागला. पहिली पट्टी आली. दुसरी आली. तिसरी येईना. त्यानं वर पाहिलं. तिसऱ्या पट्टीवर रोहिणी मांडी घालून बसली होती, आणि मागून बाकीच्या सहा घरच्या बायका येऊन, गुंडाळलेलं उलगडून आपापल्या पट्टीवर टेकत होत्या.

"अक्का, ऊठ."

"मी बसायला आलेय. उठायची सवय तुला."

सभेत खसखस पिकली. चुंदाचा चेहरा उतरला. "चारचौघांत शोभा करतेस माझी?"

"छत्रीनं झाली तेवढी पुरे आहे."

महालीही हसत होता. ती त्याच्याकडे वळली.

"तुम्ही हसू नका. चटई हलली की तुम्हाला आम्ही आठवतो. दोर तुटला तेव्हा नाही आठवलो. दोर आज द्या. नाही दिलात, तर ही चटई आम्ही सात जणी उचलू, आणि उंबऱ्यापाशी थांबणार नाही."

महालीनं तिच्याकडे नीट पाहिलं. हिच्यामागे धावून उपयोग नाही, हे त्याला कळलं. त्यानं हात वर करायला सांगितलं. सिंहकुळाचे हात वर गेले. हस्तिकुळाचेही गेले, कारण नदी त्यांनाही ओलांडावी लागे. त्याच दिवशी अंबाडीच्या जुड्या घाटावर पोचल्या.

चुंद तसाच उभा होता. शेवटी रोहिणी जरा सरकली. "बस रे. जागा आहे." तो उसवलेल्या कडेवर बसला. काड्या टोचत होत्या, पण सभा उठेपर्यंत बसला.

त्या पावसाळ्यात नदी दोन्ही काठ सोडून वाहिली. दोर टिकला. आणि चटया झटकताना उत्तियाला दिसलं की नावाड्यांची चटई आता मधे पिवळी पडू लागली आहे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली ती तिस्स नावाच्या भिक्खूसमोर. भिक्षा मनासारखी वाटली गेली नाही की हा तिस्स पात्र काखेत मारून दारात उभा राही, आणि वडीलधारे थेर सुदंत त्याची समजूत काढायला धावत. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "त्या वेळचा चुंद तो हा तिस्स. महाली म्हणजे सुदंत. रोहिणी म्हणजे भिक्खुणी उत्तरा. आणि चटया अंथरणारा मी होतो."

तिस्सानं पात्र खाली ठेवलं.

यातली पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वांनी जोपासलेला गुण, प्रज्ञेची. ती काही आभाळातून पडत नाही. चटई कुठं झिजली ते बघावं, आणि जिनं विणली तिला जाऊन सांगावं.