करड्याच्या शेजारी

"…मग बाई, याला नवीन म्हणायला तुम्ही अडता कुठे?"

श्रीरंग खोपकरने तिसऱ्यांदा विचारलं. आवाजात आता भांडण उरलं नव्हतं, नुसता शीण होता.

रेबेकाबाई कोरी प्लेट उजेडासमोर तिरपी धरून बघत होत्या. माणसाच्या पोटात, हिरड्यांत, गळवात हवेवाचून जगणारे जिवाणू ओळखण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. शिक्षण मॅट्रिक. प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागल्या आणि बघून बघून शिकल्या. श्रीरंग परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला. पण 'वाढ शुद्ध आहे', म्हणजे प्लेटवर एकच जिवाणू आहे, या ओळीखाली बाईंची सही नसेल, तर तिथला कागद पुढे सरकत नसे. हे त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

एका रुग्णाच्या जबड्यातल्या पुवात त्याला हा जिवाणू सापडला. दवासारखे बारीक ठिपके, जगातल्या कुठल्याच नोंदीशी न जुळणारे. नाव ठरलं होतं, निबंध लिहून तयार होता. खोट एकच. ठिपक्यांच्या शेजारी दर वेळी एक जाडा करडा जिवाणू उगवायचा, कुणाच्याही तोंडात सापडणारा. ती भेसळ काढण्यात त्याचे अठरा महिने गेले. करडा गेला की ठिपकेही जायचे. महिनाअखेर नव्या नावाच्या नोंदीसाठी त्याचा एकट्याचा जिवंत नमुना पाठवायचा होता, आणि आज जारमधून निघालेली प्लेट पुन्हा कोरी होती.

"हात आहेत का खुरपं," बाई पुटपुटल्या.

मग गुडघा धरून सावकाश उठल्या. जुनी, दोन्ही जिवाणू असलेली प्लेट मागून घेतली. नव्या प्लेटवर तारेने करड्याची एक रेघ ओढली, तिच्यावरून आडवे ठिपके फिरवले. जार बंद करून आतली हवा काढली, आणि चार दिवस झाकणाला हात लावलास तर याद राख, असं त्याला बजावलं.

पाचव्या दिवशी रेघेच्या दोन्ही अंगांना दव पडलं होतं. रेघेपासून बोटभर दूर मात्र काही नाही.

श्रीरंगने प्लेट फिरवून रेघेची दोन्ही अंगं तपासली.

"एकटा वाढतच नाही हा."

"हं."

"तसं लिहिलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणखी दोन वर्षं. माझ्यात त्राण नाही, बाई… करड्याला भेसळीच्या रकान्यात घालतो. तुम्ही सही करा."

त्याने कागद पुढे सरकवला.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. दाराबाहेर खुंटीला त्याच्या जेवणाची पिशवी लटकत होती. तिच्याकडे पाहत त्यांनी टोपण परत लावलं.

"डबा कोण बांधतं रे तुझा, डॉक्टर?"

"आई."

"तिला कुठल्या रकान्यात घातलंस?"